पैसा अडकलाय की धंदाच तोट्यात आहे?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी गाळ्यावर जाण्याआधी पुन्हा एकदा वाचला. मला समजला तसा मांडतो, चुकत असेल तर सांगा. भोसरीत भाड्याचा गाळा, एक व्हीएमसी आणि दोन सीएनसी लेथ (धातूचे भाग कापणारी, संगणकावर चालणारी मशीन), सात माणसं. सुरू करून चार वर्षं झाली. एका मोठ्या ग्राहकाकडे 14 लाख अडकलेत आणि त्यातली सगळ्यात जुनी बिलं पाच महिन्यांची आहेत. मशीनचे दोन हप्ते उशिरा गेले. वडिलांचं घर तारण आहे. सासरे म्हणतात नोकरी धरा, मित्र म्हणतात टिकून राहा, आणि तुम्ही विचारताय की चिकाटी नक्की कुठपर्यंत ठेवायची.

मी 1997 पासून याच भागात जॉबवर्क (दुसऱ्यांच्या सुट्या भागांचं मशीनकाम) करतोय. एका जुन्या लेथवर सुरुवात केली, आज पाच मशीन आहेत. मधल्या काळात दोनदा अशी वेळ आली की धंदा उद्या उघडेल की नाही हे मला माहीत नव्हतं. त्या दोन्ही वेळा चिकाटी तेवढीच होती. पहिल्या वेळी तिने माझं नुकसान केलं आणि दुसऱ्या वेळी तिनेच मला वाचवलं. म्हणून "टिकून राहा" हे उत्तर मी तुम्हाला आंधळेपणाने देणार नाही. आधी एक गोष्ट शोधावी लागेल: तुमचा पैसा अडकलाय, की धंदाच तोट्यात चाललाय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. खात्यात पैसे नसतात, फोन उचलायची भीती वाटते, पगाराची सात तारीख अंगावर येते. पण पैसा अडकला असेल तर तो बाहेर काढेपर्यंत तग धरायचा असतो. धंदा तोट्यात असेल तर तुम्ही जितका जास्त तग धराल तितका खड्डा मोठा होतो.

माझी पहिली वेळ 2008-09 ची. मंदी आली, बाकी ग्राहकांच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. माझ्याकडे एका मोठ्या ग्राहकाचा एक ब्रॅकेट होता, माझ्या धंद्यातला 40 टक्के हिस्सा त्या एकाच कामाचा. त्या ब्रॅकेटचं काम भरपूर होतं, मशीन दोन्ही पाळ्यांत फिरत होतं, तरी दर महिन्याला कुठून तरी उसने आणावे लागत होते. मी समजत होतो की मंदी आहे, सगळ्यांचंच असं आहे, नेट लावून काम करत राहायचं. एक दिवस माझा ऑपरेटर आला नाही म्हणून दुपारी मीच मशीनशेजारी स्टुलावर बसलो. दुसरा मुलगा दोन मशीन बघत होता. व्हीएमसीची सायकल संपली, पिवळा दिवा लागला आणि मशीन थांबलं. मुलगा शेजारच्या मशीनच्या नगाची बर (कडेला उरलेली धारदार कोर) काढत होता. फाईल मारली, प्लग गेजने भोकाचं माप बघितलं, नग ट्रेमध्ये ठेवला, हात पुसले आणि मग इकडे आला. तोपर्यंत तीन मिनिटं गेली होती. मी मोबाईलवर वेळ लावली आणि पुढचे वीस नग तसेच मोजले. प्रत्येक वेळी तीन मिनिटं, कधी चार.

रेट देताना मी 11 मिनिटं सायकल आणि 2 मिनिटं लोडिंग-अनलोडिंग धरलं होतं. तासाला साडेचार नग, नगाला 60 रुपये, म्हणजे 270 रुपये. खरे निघत होते साडेतीन नग, म्हणजे 210 रुपये. त्या रात्री घरी वहीत तासाचा खर्च मांडला. महिन्याला 300 तास धरून हप्ता 130 रुपये, माणसं 60, वीज 30, टूल आणि इन्सर्ट 25, भाडं आणि किरकोळ 15. एकूण 260. म्हणजे त्या मशीनवर मी तासाला 50 रुपये पदरचे घालून काम करत होतो. महिन्याला 15,000. आणि हे 14 महिने चाललं होतं. दोन लाख दहा हजार रुपये, आणि वर मला वाटत होतं की मी खंबीर आहे.

पाणी कुठे मुरतंय हे समजल्यावर पुढचं काम सोपं नव्हतं, पण निदान स्पष्ट होतं. बर काढायला वेगळं टेबल आणि एक अर्धवेळ माणूस ठेवला, त्याने थोडं सुधारलं. मग वहीतलं ते पान घेऊन ग्राहकाच्या खरेदी विभागात गेलो आणि 78 रुपये मागितले. त्यांनी नाही म्हटलं. मी तीन महिन्यांची मुदत दिली, त्यांना पुरेसा साठा करून दिला आणि काम सोडलं. धंदा एकदम 40 टक्क्यांनी खाली आला. एक जुना लेथ विकला. पॅकेजिंगची मशीन बनवणारे, दुरुस्तीचे सुटे भाग मागणारे असे लहान लहान ग्राहक धरले. त्यांचे लॉट 20 नगांचे, 50 नगांचे, सेटिंगला वेळ जास्त, पण रेट बरा आणि पैसे महिन्याभरात. दोन वर्षांनी माझा कुठलाही ग्राहक 30 टक्क्यांच्या वर नव्हता. ही मर्यादा मी आजही पाळतो, कितीही मोठं काम आलं तरी.

तर तुमचं पहिलं काम हेच. तिन्ही मशीनचा तासाचा खर्च काढा. स्वतःचा पगार त्यात धरा, बाहेर नोकरीत जितका मिळेल तितका. तो धरत नाहीत म्हणून कितीतरी जणांना आपला धंदा नफ्यात आहे असं वाटतं. मग प्रत्येक मोठ्या जॉबचे खरे नग मोजा, कोटेशनमधले नाहीत. समजा ग्राहकाने उद्या 14 लाख दिले आणि तरी सहा महिन्यांनी तुम्ही याच जागी येणार असाल, तर आजार वसुलीचा नाही, रेटचा आहे. तुमच्या एका वाक्यावरून मला वाटतं की दोन्ही थोडं थोडं आहे. तुम्ही लिहिलंय की हा ग्राहक "रेट कमी देतो पण व्हॉल्यूम देतो." या वाक्यापासून जपा.

आता अडकलेल्या 14 लाखांकडे येतो. इथे बऱ्याच गोष्टी मला माहीत नाहीत: लेखी पीओ (खरेदीची ऑर्डर) आहे का, उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) माल देण्याच्या आधीची आहे का, आणि हा ग्राहक तुम्हाला पुढे हवा आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यावर भाषा ठरते.

पण कायद्याच्या आधी त्यांच्या अकाउंट्समध्ये प्रत्यक्ष जाऊन बसा. फोनवर "पुढच्या आठवड्यात बघतो" हेच ऐकायला मिळतं. सगळ्या बिलांची यादी, चलन नंबर, पीओ नंबर, इन्स्पेक्शन रिपोर्ट असं सगळं सोबत न्या आणि एकेक ओळ त्यांच्या लेजरशी (खातेवहीशी) जुळवा. माझा अनुभव असा की अडकलेल्या रकमेतला बराच हिस्सा "देत नाहीत" म्हणून अडकलेला नसतो. कुठे त्यांच्या स्टोअरने माल जमा दाखवलेलाच नसतो, कुठे रेट बदलला पण पीओची दुरुस्ती निघालेली नसते, कुठे चार नग रिजेक्ट झाले म्हणून पूर्ण बिल क्वालिटीत पडून राहतं. 2014 मध्ये माझे सव्वासहा लाख असेच अडकले होते. तीन तास बसून लेजर जुळवलं तर त्यातल्या पावणेतीन लाखांची बिलं त्यांच्या सिस्टिममध्ये चढलेलीच नव्हती. ती चढवून घेतली आणि पंधरा दिवसांत पैसे आले. उरलेल्या रकमेची लेखी कबुली घ्या, साधा बॅलन्स कन्फर्मेशनचा ईमेल चालेल. पुढे कुठेही जायचं झालं तर तोच कागद कामाला येतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो माहीत असू द्या. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. अशा तक्रारींसाठी सरकारने 2017 मध्ये समाधान पोर्टल सुरू केलं; ऑनलाइन केलेली तक्रार सुविधा परिषदेकडे (अशा वादांचा निकाल देणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जाते. कायद्यात निकालाला 90 दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला त्याला कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर आधी रकमेच्या 75 टक्के भरावे लागतात. म्हणून नुसती नोटीस गेली तरी बरेच जण बोलायला येतात. मात्र तक्रार केली की त्या ग्राहकाचं काम बहुधा संपतं, हे धरूनच पाऊल टाका.

त्याआधीचा एक मऊ मार्ग आहे. 2023 च्या अर्थसंकल्पाने आयकरात कलम 43बी(एच) आलं. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की त्यांच्या सीएला हे चांगलंच आठवतं. फेब्रुवारीत उद्यम प्रमाणपत्राची प्रत जोडून एक सभ्य पत्र पाठवा, तुम्ही सूक्ष्म उद्योगात मोडता एवढंच कळवणारं. शिवाय ग्राहकाची उलाढाल 250 कोटींच्या वर असेल तर त्याला ट्रेड्सवर (बिलं वटवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर) नोंदणी करणं आता बंधनकारक आहे. आरएक्सआयएल, एमवन एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट असे प्लॅटफॉर्म आहेत. तिथे त्याने तुमचं बिल मान्य केलं की बँक ते वटवते आणि वसुली त्याच्याकडून करते. नोंदणी केली म्हणजे बिलं चढवतीलच असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

बँकेचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की मॅनेजरचा फोन तुम्ही दोन आठवडे उचलला नाही. मीही 2009 मध्ये तोंड चुकवलं होतं आणि त्याची किंमत मोजली. हप्ता चुकला की पहिल्या 30 दिवसांत खातं एसएमए-0 मध्ये (बँकेच्या धोक्याच्या यादीच्या पहिल्या पायरीवर) जातं, 31 ते 60 दिवस एसएमए-1, 61 ते 90 एसएमए-2 आणि 90 च्या पुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. पहिल्या दोन पायऱ्यांवर मॅनेजरच्या हातात बरंच काही असतं, शेवटी जवळजवळ काहीच उरत नाही. रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये 25 कोटींपर्यंतच्या कर्जाच्या एमएसएमईंसाठी पुनरुज्जीवनाची चौकट दिली आहे आणि तीत उद्योजक स्वतःहून अर्ज करू शकतो. त्यात हप्ते पुढे ढकलणं, मुदत वाढवणं अशा गोष्टींचा विचार होतो. मिळेलच असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या आकड्यांवर आणि शाखेवर अवलंबून आहे. मशीनचं कर्ज एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) असेल तर त्यांच्याशी वेगळं बोलावं लागेल. पण जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. जुळवलेलं लेजर, पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या तारखेला किती येणार आणि किती जाणार याचा एक कागद, आणि "मला दोन हप्त्यांची सवलत हवी आहे" अशी नेमकी मागणी. सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा) असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. बहुतेक बँका 90 दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (त्या लिमिटमधून प्रत्यक्ष किती काढता येईल त्या हिशोबात) धरत नाहीत. म्हणजे ग्राहकाने पैसे अडवले की तिकडून पैसा येत नाही आणि इकडून तुमचं लिमिटही घटतं. आपली लिमिट अचानक का आवळली हे अनेकांना समजत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

हातात असलेले थोडे पैसे कोणाला आधी द्यायचे? माझा क्रम असा आहे: पगार, मग पीएफ आणि जीएसटी, मग बँक, मग पुरवठादार, आणि घरखर्चाची एक ठरलेली रक्कम पगारासोबतच बाजूला. पगार पहिला, कारण तुमची सात माणसं गेली तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड. पीएफ कापत असाल तर तो दुसरा, कारण कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा न भरणं हा फौजदारी गुन्हा ठरतो. जीएसटी तर बिल काढलं की देय होतो, ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत. त्या 14 लाखांवरचा कर तुम्ही आधीच भरून बसला आहात, आणि राहिला तर 18 टक्के व्याज. पुरवठादार शेवटी येतो, पण त्याला अंधारात ठेवायचं नाही. तारीख सांगा, ती जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा. आणि खात्री नसताना पुढच्या तारखेचे चेक देऊ नका. चेक परत गेला की देण्याघेण्याचा साधा प्रश्न कलम 138 खाली कोर्टात जाऊन बसतो.

माणसांबद्दल दोन शब्द. 2009 मध्ये मी पगार बारा दिवस उशिरा केला आणि कारण सांगितलं नाही. लाज वाटत होती. माझा सगळ्यात चांगला सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा) त्याच महिन्यात सोडून गेला. नंतर समजलं की त्याच्या मुलीची फी भरायची होती, आणि मी आधी सांगितलं असतं तर त्याने गावाकडून व्यवस्था केली असती. ही गोष्ट मला अजून लागते. 2019 मध्ये, माझ्या दुसऱ्या वेळी, वाहन उद्योग पुन्हा बसला, चाकणला कंपन्या एकेक करून उत्पादन बंदचे दिवस जाहीर करू लागल्या, तेव्हा मी सगळ्यांना मशीनच्या मधल्या जागेत उभं केलं आणि ऑर्डरचा कागद वाचून दाखवला. आठवड्याला चार दिवस काम, चार दिवसांचा पगार, उचल कोणालाही नाही, आणि ज्याला दुसरीकडे काम मिळेल त्याने खुशाल जावं, नंतर परत घेईन. नऊ जणांतले दोघे गेले. एक जण 2021 मध्ये परत आला, आज तोच दुसरी पाळी सांभाळतो.

किर्लोस्करवाडीची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यातला एक भाग मला विशेष वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावचं बस्तान हललं आणि 1910 मध्ये औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळरानावर त्यांना नव्याने उभं राहावं लागलं. लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी मानत होते, पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. त्यांनी गाव सोडलं, जागा सोडली. नांगर धरून ठेवला. तुमच्या बाबतीत नांगर कोणता? मला वाटतं तुमच्या हातातलं कौशल्य, तुमची माणसं आणि बाजारातला शब्द. हा ग्राहक नाही, तिसरं मशीन नाही, आणि "मोठ्या कंपनीचा व्हेंडर" ही ओळखही नाही. एक सीएनसी विकून कर्ज हलकं होत असेल तर आकड्यांनी तपासा. मशीन विकणं म्हणजे हार असं मानू नका. मी लेथ विकला त्या दिवशी गाळा रिकामा वाटला होता, पण पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच सात तारखेला पगार झाला.

नोकरीचं म्हणाल तर सासऱ्यांवर रागावू नका, ते मुलीच्या काळजीने बोलतात. मी एक रेघ आखून घ्यायला सांगेन, आणि ती आज, डोकं शांत असताना आखा. अमुक तारखेपर्यंत अमुक इतकी वसुली आणि तासाचा खर्च भरून निघणारं काम मशीनच्या किमान 60 टक्के वेळेत. ते झालं नाही तर मशीन चालू स्थितीत असतानाच विकायची, देणी फेडायची, घर सोडवायचं. बंद करायचं झालं तर वेळेवर बंद करणाऱ्याकडे पुन्हा सुरू करायला काहीतरी उरतं. माझ्या ओळखीत असे दोघे आहेत. दोघांनी चार-पाच वर्षं नोकरी करून पुन्हा गाळा घेतला. वडिलांच्या घरावर आणखी कर्ज मात्र काढू नका. सोनं, क्रेडिट कार्ड, खाजगी सावकार यांच्या पैशांनी हप्ते भरणंही थांबवा, कारण त्याने आजार झाकला जातो आणि तीन महिन्यांनी दुप्पट होऊन समोर येतो.

शेवटची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण मला सगळ्यात जास्त तीच खटकली. झोप येत नाही आणि बायकोला रक्कम माहीत नाही. आज सांगा. पूर्ण रक्कम, तारणासकट. मी 2009 मध्ये आठ महिने लपवलं. सांगितलं त्या रात्री ती बराच वेळ बोलली नाही, आणि सकाळी तिनेच वही मागितली. तेव्हापासून आमचा वसुलीचा तक्ता तीच ठेवते. माझ्यापेक्षा काटेकोर ठेवते, कारण ग्राहकाला फोन करताना तिला माझ्यासारखा संकोच होत नाही. झोपेचा त्रास वाढला, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर कधीही फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कर्ज फेडायला अनेक मार्ग निघतात, पण त्यासाठी तुम्ही असायला हवं.

उद्या गुरुवार, भोसरीत सुट्टी. मशीन बंद असतील, फोनही कमी येतील. सकाळी वही घेऊन बसा आणि व्हीएमसीचा तासाचा खर्च काढा. शुक्रवारी पहिल्या पाळीत स्टूल घेऊन मशीनजवळ बसा आणि त्या मोठ्या ग्राहकाच्या जॉबचे तासाला खरे किती नग निघतात ते मोजा. हे दोन आकडे मला इथे लिहून कळवा, रेटसकट. मग पुढचं बोलू.